सत्यशीलाच्या माळ्यावरचं खोकं

नेकनूरच्या शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. रहमतुल्ला नावाचा मास्तर फळ्यावर संस्कृत धातू लिहितो, याचं लोकांना भारी कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर लोकांपेक्षा मलाच जास्त होतं. कुणी शब्दाचा अर्थ विचारला की माझ्या अंगात येतं. अर्थाबरोबर मूळ सांगतो, मुळाबरोबर त्या शब्दाची सगळी भावंडं सांगतो, आणि विचारणाऱ्याचा चहा गार होतो. माझी बायको अकबरी आल्यागेल्याला बजावते, "इनकू टाइम मत पूछो, घड़ी का पूरा खानदान बताते."

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या खोडीचा हात आहे. गोष्ट मात्र सत्यशीलाची आहे.

सत्यशीला माझी विद्यार्थिनी. दहावी झाली आणि सतराव्या वर्षी लग्न होऊन पाच किलोमीटरवरच्या खडकवस्तीला गेली. नवरा धर्मराज पुण्याकडे गवंडीकाम करतो, सणावाराला येतो. घरात सासरे भगवानराव, वयात आलेली मुलगी, तिच्या पाठचा मुलगा आणि पत्र्याच्या दोन खोल्या. चौदा वर्षांपासून ती वस्तीची आशा कार्यकर्ती आहे. गरोदर बाईला तपासणीला नेणं, बाळाचं वजन करणं, लसीच्या दिवशी घराघरातून लेकरं गोळा करणं, ताप आला तर गोळी देणं, हे तिचं काम. आवाज असा खणखणीत, की वस्तीच्या या टोकाला ती कुणावर ओरडली तर त्या टोकाची म्हातारी मुकाट्याने आपली गोळी गिळते. बौद्धाच्या घरातली म्हणून दोनतीन घरी तिला अजून उंबऱ्याबाहेर बसवतात. ती तिथेच बसून, आत ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांच्याच सुनेला जुलाबाचं विचारते. अशी बाई.

पण एक शब्द तिच्या तोंडातून निघत नव्हता. तिच्या पिशवीत लोहाच्या गोळ्या असायच्या, साखर-मिठाची पुडी असायची आणि तळाशी सरकारी पाकिटं असायची. त्या पाकिटांना ती "ते" म्हणायची. वस्तीतल्या बाया "फुगे" म्हणायच्या, गडी काहीच म्हणायचे नाहीत, नुसते दात काढायचे. कामाला लागली त्या वर्षी तिने एका घरी पाकीट दिलं, तर पारावर बसलेला एक जण सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आशाताई, कसं वापरायचं ते दाखवा की." तेव्हापासून तिने तो शब्द गिळला तो गिळलाच.

दोन वर्षांपूर्वी, भादव्यातल्या एका दुपारी ती माझ्याकडे आली. अकबरीने पाणी दिलं. ती आत गेल्याची खात्री करून सत्यशीलाने पिशवीतून एक पाकीट काढलं, पालथं धरलं आणि माझ्या समोरच्या वर्तमानपत्राखाली सरकवलं.

"सर, ह्याच्यावर नाव हाय त्याचा अर्थ काय व्हतो?"

मी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "निरोध." ती दचकून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागली.

"अगं, शब्द आहे तो. चावत नाही."

"तुमाला न्हाई चावत, सर. आमाला बारा वर्षं चावतोय."

मग तिने सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या जिल्ह्यात कोण ते जाणत नाही! दसरा झाला की खडकवस्तीची निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. त्यातली बाई बसली की कोयता अर्धा झाला, आणि अर्धा कोयता कुणाला नको असतो. तिकडे सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायचं, पहाटे फडात जायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. पाळीला सुट्टी नाही, बाळंतपणाला तर नाहीच. म्हणून दोन लेकरं झाली की बाया गर्भाशय काढून येतात. तिसाव्या वर्षी, पंचविसाव्या वर्षी, कधी त्याच्याही आधी. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवी म्हणतात. बाजाराची पिशवी फाटली तर माणूस दोनदा शिवून बघतो, पण या पिशवीला तेवढाही मान नाही. मला या गोष्टीचा राग येतो. राग येतो, मी दोन दिवस बोलत राहतो आणि तिसऱ्या दिवशी पेपर चाळतो.

"औंदा एक पोरगी हाय," सत्यशीला म्हणाली. "मोहिनी. पप्पूची बायको. चोवीस वर्षांची, दोन पोरी. सासू म्हणती पिशवी काढ, न्हाईतर पोरगा व्हईस्तवर जण. ही म्हणती मला दोनी बी नको. तांबी बसवली व्हती, लई रगत गेलं म्हणून काढली. गोळ्यांनी वकाऱ्या येत्यात. ऱ्हायलं काय? हेच. पण मलाच तोंड उघडून बोलता येत न्हाई, तर ती नवऱ्याला काय बोलंल?"

मग माझ्या अंगात आलं. मी पाटीच घेतली. 'रुध्' हा धातू, म्हणजे अडवणं, थांबवणं. त्याच्यापासून रोध. विरोध, अवरोध ही त्याची भावंडं. आधी 'नि' लागला की पुरतं थांबवणं, पुन्हा सुरू होणार नाही असं. साठच्या दशकाच्या अखेरीस सरकारने ही वस्तू स्वस्तात गावोगाव पोचवायचं ठरवलं तेव्हा तिला हे नाव दिलं. त्याआधी ती शहरातल्या औषधांच्या दुकानात इंग्रजी नावाने, कागदात गुंडाळून मिळायची. वस्तू रबराची आणि अलीकडची, पण शब्द अडीच हजार वर्षांचा.

"आणि तो तुझ्या घरात रोज म्हटला जातो," मी म्हणालो. "भगवानराव चार आर्यसत्यं म्हणतात ना? दुःख आहे. दुःखाला कारण आहे. तिसरं काय?"

ती बोट उचलून, शाळेत म्हणायची तसं म्हणाली, "दुःख निरोध." आणि थांबली. "सर! त्योच का ह्यो?"

"तोच. दुःख थांबतं, थांबवता येतं, असा त्याचा अर्थ. घाण शब्द नाही. इतका चांगला शब्द या पाकिटाला मिळाला, आणि आपण त्याला फुगा म्हणतो."

सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, एकतीस वर्षांच्या मास्तरकीचं चीज झालं. मी पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं. मागच्या बाजूला बारीक हिंदी अक्षरांत काहीबाही छापलं होतं. मला हवा असलेला शब्द पुढे मोठ्या अक्षरांत होता. मी पाकीट तिला परत दिलं.

जाताना हसत म्हणाली, "एक खोकं भरून पडल्यात घरी. शिमग्याला आल्याली. कुणी घेतच न्हाई."

"ठेवतेस कुठे?"

"माळ्यावर. पत्र्याच्या पेटीत, वरून गोधड्या. खाली कुठं ठिवू? सासरे दिसभर म्होरल्या खोलीत. आतल्या खोलीत बुद्धाचा फोटू, अन् पोरगी अभ्यासाला तिथंच बसती. पिंपावर चढून ठिवलंय, कुणाचा हात पोचत न्हाई."

मीही हसलो. जिने शब्द गिळला ती खोकं तरी उघड्यावर कसं ठेवील, असं काहीतरी बोललो.

पुढच्या आठवड्यात तिने अंगणवाडीत बाया बसवल्या. मला हे तिनेच रंगवून सांगितलं. आधी खिदळणं झालं, पदर तोंडावर गेले. मग तिने बाराव्या वर्षी पहिल्यांदा तो शब्द स्वच्छ उच्चारला, अर्थ सांगितला, बुद्धाचं सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "देवाचं नाव ठिवलंय व्हय त्याला, मंग घ्या गं." अकरा जणींनी पाकिटं नेली. मोहिनीने सहा महिन्यांची मागितली.

राहिला पप्पू. तो माझ्याकडे आठवीपर्यंत शिकलेला, अंगाने रट्ट आणि मनाने भोळा. सत्यशीलाने त्याला माझ्याकडे धाडलं. तो मोटरसायकल बाहेर लावून, मान खाली घालून उभा राहिला. मी त्यालाही तेच व्याख्यान दिलं. त्याने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"सर, हे वापरलं तर दिवस जातच न्हाईत, खरं ना?"

"अरे, नावच निरोध आहे," मी म्हणालो.

"तुमी म्हणताव तर ठीक," तो म्हणाला आणि गेला. दसऱ्यानंतर त्यांची टोळी कर्नाटकाच्या बाजूला एका कारखान्यावर गेली. मोहिनीच्या पत्र्याच्या ट्रंकेत पाकिटं होती. दोन्ही पोरी आजीपाशी राहिल्या.

फेब्रुवारीत एका सकाळी सत्यशीला आली ती चपला काढायची विसरून घरात आली. मी दाढी करत होतो.

"सर, मोहिनीला दिवस गेले."

मोहिनीचा फोन आठ दिवसांपूर्वीच आला होता. फडातल्या दुसऱ्या बाईच्या मोबाइलवरून, हळू आवाजात. दुसरा महिना होता. पप्पू म्हणत होता, मी एकदा पण चुकलो नाही, मग हे कुणाचं? टोळीत कुणीतरी मुकादमाचं नाव घेऊन टवाळी केली होती. पप्पूने तिला मारलं नव्हतं. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मोहिनी म्हणाली. तो तिच्याशी बोलत नव्हता, तिच्या हातचं खात नव्हता, कोपीबाहेर झोपत होता. दिवसभर एकाच फडात, एकाच सरीत, तो ऊस तोडायचा आणि ती मोळ्या बांधायची, आणि मध्ये एक शब्द नाही.

"ती म्हन्ली, ताई, तुमी यांना सांगा, असं बी व्हऊ शकतं म्हणून. तुमचं ऐकत्याल. तुमी न्हाई सांगितलं तर मला टाकून देत्याल. मंग त्यानं फोन घेतला. मला इचारलं, ताई, खरं सांगा, वापरलं तर दिवस जातेत का? अन् मी..." सत्यशीला खाली बसली. "मी म्हनलं, नीट वापरलं तर न्हाई जात. आमाला शिकवलंय तसंच म्हनलं, सर. त्यो बरं म्हन्ला अन् फोन ठिवला."

मोहिनीचं घर वाचवणारं किंवा मोडणारं एक वाक्य होतं, आणि ते तिने असं बोलून टाकलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. तरी तिला चैन पडेना. मोहिनी लग्न होऊन वस्तीत आली तेव्हापासून ती तिला ओळखत होती, मोहिनीच्या दोन्ही बाळंतपणांत तिच्या उशाशी बसली होती. ही पोरगी तसली नाही, तर मग चुकलं काय? आठ दिवस तिने डोकं फोडून घेतलं, आणि त्या दिवशी पहाटे पिंपावर चढून माळ्यावरचं खोकं खाली काढलं.

तिने पिशवीतून चार पाकिटं काढली. एक फोडलं. आतली वस्तू घडीला चिकटलेली होती, ओढल्यावर सुटली. "ह्यात पाणी भरा," म्हणाली. आम्ही अंगणातल्या नळाखाली ती धरली. पाणी भरलं आणि चहूबाजूंनी बारीक बारीक धारा सुटल्या. सदाफुलीच्या कुंडीवर, माझ्या पायजम्यावर, तिच्या साडीवर. दुसरी भरली, तीही तशीच. तिसरी हातातच फाटली. अकबरी दारात येऊन उभी राहिली, तिने काय चाललंय ते पाहिलं, आणि पुढे होऊन नळ बंद केला.

चौथ्या पाकिटाची मागची बाजू मी चष्मा लावून वाचली. बारीक हिंदीत लिहिलं होतं की थंड आणि कोरड्या जागी ठेवा, ऊन आणि उष्णतेपासून दूर ठेवा.

चैत्र, वैशाख, जेठ. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन, आणि पत्र्याला टेकलेल्या पत्र्याच्या पेटीत ते खोकं. त्या माळ्यावर दुपारी हात ठेवला तर पोळतो. आतल्या खोलीत, बुद्धाच्या फोटोखाली, माठ ठेवलेल्या कोपऱ्यात गारवा होता. पण तिथे ठेवायची लाज वाटली होती. आणि मी तेच पाकीट भादव्यात हातात धरून अडीच हजार वर्षं मागे गेलो होतो. मागची ओळ वाचायला मला वेळ झाला नव्हता.

"बाकीच्या दहा जणी?" मी विचारलं.

"त्यांच्या नवऱ्यांनी वापरलंच न्हाई, सर. ट्रंका बी उघडल्या न्हाईत. ज्यानं ऐकलं, त्याचंच हे झालं."

ती लगेच मोबाइल काढून पप्पूचा नंबर लावायला लागली. आणि आता जे सांगतो ते मी अकबरीलाही सांगितलेलं नाही. मी तिचा हात धरला.

"फोनवर नको," मी म्हणालो. "असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. शेजारी माणसं असतात, तो काहीतरी वेगळंच समजेल. पाडव्याच्या आसपास येतीलच. समोर बसवून, पाकीट दाखवून, पाणी भरून दाखवू. मी येतो तुझ्याबरोबर."

"पर ती पोरगी तवर..."

"महिना-दीड महिन्याचा तर प्रश्न. आणि तू विचार कर. खोकं पत्र्याखाली ठेवलं हे वर कळलं तर तुझं काम जाईल. वस्तीत बोभाटा होईल. भगवानरावांच्या कानावर काय जाईल?"

यातलं प्रत्येक वाक्य शहाणपणाचं होतं. शहाणपणाच्या मागे मी लपलो होतो, कारण पप्पूने विचारलं असतं, "सर, तुमी बी म्हणला व्हता की." मला माझ्या विद्यार्थ्यापुढे चुकायचं नव्हतं, बस्स. सत्यशीला माझं ऐकते. शाळेत असल्यापासून ऐकते. तिने मोबाइल परत पिशवीत टाकला.

त्यानंतर ती दर दोनतीन दिवसांनी यायची. "लावू का फोन, सर?" विचारायची. मी म्हणायचो, "आता दिवस किती राहिले?" एकदा तिने माझ्यासमोरच नंबर लावला, तिकडे घंटी गेली आणि तिने घाबरून बंद केला. मोहिनीचा फोन पुन्हा आला नाही. आम्ही त्याचा अर्थ सगळं निवळलं असावं असा लावला. अर्थ लावण्यात मी हुशार.

पाडवा झाला आणि टोळी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सत्यशीलाला स्कूटरवर मागे बसवून पप्पूच्या घरी गेलो. तिच्या मांडीवर ती पिशवी होती आणि पाण्याची बाटली. वाटभर ती काय बोलायचं ते पुटपुटत होती.

पप्पू अंगणात कोयत्याला धार लावत बसला होता. हंगाम संपला तरी सवय. "या, सर," म्हणाला आणि बाज टाकली. ताईकडे त्याने पाहिलं नाही. मोहिनी आतून पाणी घेऊन आली. भिंतीला हात लावत लावत आली. सहा महिन्यांपूर्वी अंगणवाडीत तरातरा आलेली पोरगी. आता एक हात कमरेवर, ओठ पांढरे. तिने आम्हा दोघांना पेले दिले, आत गेली आणि कॅरीबॅगेत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन परत आली. ते तिने सत्यशीलाच्या हातात दिलं.

"ताई, हे ऱ्हायल्यालं. वाया कावून घालवायचं? जिची पिशवी हाय, तिला द्या."

सत्यशीलाने कॅरीबॅग उघडली. उरलेली पाकिटं होती, नीट रचून, रबर लावून.

"म्हंजे, मोहिनी?"

"काढली की. येतानाच. पोट खाली करायला दवाखान्यात नेलं, तर मीच म्हन्ले डॉक्टरला, सगळंच काढा." ती हे भाजीचं सांगावं तसं सांगत होती. "पिशवीच न्हाई म्हनल्यावर म्होरं कुणी शक घ्यायचा प्रश्नच न्हाई. ह्यांला बी बरं, मला बी बरं."

सत्यशीला उठून उभी राहिली. मग तिने ते केलं, जे फेब्रुवारीत करायचं होतं. अंगणात, कुंपणापलीकडे शेजारी उभे असताना, तिने तो शब्द मोठ्याने उच्चारला. निरोध. खोकं कुठे ठेवलं होतं ते सांगितलं, ऊन सांगितलं, लाज सांगितली. पाकीट फोडून बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. धारा सुटल्या आणि अंगणातल्या धुळीत लहान लहान खड्डे पडले. पप्पू ते बघत राहिला. कुंपणापाशी कुणी हसलं नाही.

पप्पूच्या हातातला कोयता खाली गेला. "मंग ते माझंच व्हतं?"

तो माझ्याकडे वळला.

"सर, मी सही केली. दवाखान्यात. डॉक्टर म्हन्ले नवऱ्याची सही लागती. मी म्हनलं, माझं नसंल तर मला काय. अन् सही केली." तो माझ्याकडे बघत होता, वर्गात गणित चुकल्यावर मुलं बघतात तसा. "माझंच व्हतं, सर?"

तो उठून घराच्या मागे गेला. मोहिनी जागची हलली नाही. ती फोडलेल्या पाकिटाकडे बघत होती, मग सत्यशीलाकडे. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"ताई, हे तुमाला कवा कळलं?"

सत्यशीला खोटं बोलू शकली असती. काल कळलं म्हणाली असती तर कुणी तपासायला येणार नव्हतं.

"फेब्रुवारीत. तुझा फोन आला, त्याच्या आठ दिसांनी."

मोहिनीने बोटांवर काहीतरी मोजलं. दवाखान्यात ती मार्चच्या शेवटी गेली होती.

"फोन तर लागत व्हता, ताई."

"चुकलं माझं," सत्यशीला म्हणाली. "माझं चुकलं, मोहिनी." तिने माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दहावीत वर्गात कुणी खोडी केली तरी ती असंच स्वतःवर घ्यायची.

मोहिनी मान हलवून आत गेली, एक हात भिंतीवर. आत तिच्या पोरी काहीतरी मागत होत्या.

सत्यशीलाला फोन करण्यापासून मीच थांबवलं होतं, हे एवढं एकच वाक्य मला तिथे बोलायचं होतं. त्याला ना धातू लागत होता, ना व्युत्पत्ती. मी पेला बाजेखाली ठेवला आणि सत्यशीलाला म्हणालो, "चल, ऊन व्हायच्या आत निघू."